मऊ गाभा, कठीण गाभा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने इलेक्ट्रॉनिक्सवर लेख लिहावा हे आमच्या संपादक मंडळातील सरांना प्रथम पटले नाही. "ताळेबंद, बँका, जीएसटी असे काही का लिहीत नाहीस?" असे त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे रास्तच होते. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सिल्वासाला मामांकडे पाच आठवडे राहिले आणि तेथे मला ज्या एका अंदाजपत्रकाच्या कामाला जुंपण्यात आले, त्याने मला कॉस्टिंगच्या पेपरातील निम्मे धडे नव्याने शिकविले. अंदाजपत्रक होते एका चिपचे. ते मी चुकीचे केले. ती चूक कशी झाली हे सांगायचे तर आधी चिपमधला मऊ गाभा आणि कठीण गाभा म्हणजे काय, हे सांगणे आले.

सिल्वासा हे आपल्याकडच्या पुष्कळांना नकाशावर चटकन सापडणार नाही. वापीला उतरून जीपने किंवा रिक्षाने पाऊण तास गेले की दमणगंगेच्या काठी हे गाव लागते. तेथील माणसे त्याला सेलवास म्हणतात. १९५४ पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. पुढे दादरा व नगर हवेली हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि २०२० च्या २६ जानेवारीपासून तो दमण व दीव यांच्याशी जोडला गेला. बाजारात गुजराती, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषा कानांवर पडतात, आणि खानवेलच्या बाजूने आलेली माणसे वारलीत बोलतात. निपाणीच्या मुलीला दोन भाषांची सवय असतेच, तिसरीचे ओझे वाटले नाही. गावाभोवती इंडस्ट्रियल इस्टेटी आहेत आणि त्यांत कृत्रिम धाग्याच्या गिरण्या फार. मामांचा आमलीला एक लहानसा गाळा आहे. गिरण्यांतील यंत्रांची बिघडलेली इलेक्ट्रॉनिक कार्डे दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. हाताखाली दोन मुले, आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा मामेभाऊ, म्हणजे दादा.

टेक्श्चरायझिंगच्या यंत्रात सरळ गुळगुळीत पॉलिस्टर धागा तापवून, ताणून, पीळ देऊन फुगीर करतात. मामांकडे ज्या गिरणीचे काम होते तेथील एका यंत्रावर असे २१६ धागे एकाच वेळी धावत होते, मिनिटाला काहीशे मीटर वेगाने. प्रत्येक धाग्याजवळ एक डोळा असतो, म्हणजे सेन्सर. धागा तुटला, सैल पडला, की त्या जागेचा कटर लगेच चालून मागून येणारा धागा कापला गेला पाहिजे. नाही तर तो रोलरला गुंडाळत जातो आणि मग माणसाला चाकूने सोडवीत बसावे लागते. या डोळ्यांवर लक्ष ठेवणारी १८ कार्डे त्या यंत्रात होती, एकेका कार्डाकडे १२ धागे. त्यांपैकी पाच कार्डे निकामी झाली होती. कार्डावरचा प्रोसेसर बनणे केव्हाच बंद झाले होते आणि यंत्र पुरविणाऱ्यांनी नवे कार्ड देण्याऐवजी संपूर्ण नवी नियंत्रण पेटी घ्या असे कळविले होते. ६० धागे बंद म्हणजे यंत्राच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा बंद. गिरणीच्या मॅनेजरांनी मामांना विचारले, "तुम्ही नवीन कार्ड बनवून द्याल का?" मामा आजवर दुसऱ्यांची कार्डे दुरुस्त करीत आले होते, स्वतःचे कार्ड त्यांनी कधी बनविले नव्हते. घरी आल्यावर रात्री जेवताना ते फार बोलले नाहीत.

दादाचे म्हणणे असे की कार्ड एफपीजीएवर करावे. आता हे काय प्रकरण आहे ते पाहू.

साधी चिप कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिचे काम ठरलेले असते. घड्याळाची चिप ही घड्याळाचीच. एफपीजीए ही चिप मात्र कोरी बाहेर पडते. आत हजारो लहान लहान ठोकळे असतात, त्यांच्या मध्ये तारांचे जाळे असते आणि जाळ्याच्या प्रत्येक चौकात स्विचेस असतात. कोणता ठोकळा काय करील आणि कोणाला जोडला जाईल हे विकत घेणाऱ्याने आपल्या टेबलावर ठरवायचे. झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने अशी पहिली चिप १९८५ मध्ये बाजारात आणली. तीत असे ६४ ठोकळे होते. दादाने आणलेल्या शिकाऊ बोर्डावरच्या, आजच्या मानाने लहान समजल्या जाणाऱ्या चिपमध्ये २०,८०० कोष्टके आहेत.

कोष्टक हा शब्द मी मुद्दाम वापरला. दादा लुक-अप टेबल म्हणतो. आपण वाणिज्यवाले ज्याला रेडी रेकनर म्हणतो तेच हे. व्याजाचे गणित दरवेळी न करता मुद्दल आणि दर पाहून तयार कोष्टकातील आकडा उचलावा, तसे. चार तारा आत येतात. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक. म्हणजे सोळा शक्यता. त्या सोळांपैकी प्रत्येकीचे उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते. ही चिप बेरीज करीत नाही, बेरजेचे उत्तर पाहते. त्या बोर्डावरच्या चिपमध्ये सहा तारांची कोष्टके आहेत, म्हणजे एकेकात ६४ उत्तरे. जोडीला एक अंक लक्षात ठेवणारा फ्लिप-फ्लॉप. असे पुरेसे ठोकळे जोडले की कोणतेही अंकीय मंडल तयार होते.

ही लिहिलेली उत्तरे बहुतेक एफपीजीएमध्ये वीज जाताच पुसली जातात, याचा धडा आम्हाला फुकट मिळाला. पहिल्या दिवशी दादाने संगणकावरून केबलने बोर्ड भरला आणि दिवे लुकलुकले, सर्व घर पाहून गेले. रात्री मामांनी सवयीप्रमाणे गाळ्याचा मेन स्विच बंद केला. सकाळी बोर्ड ढिम्म. मामांना वाटले जळाला, आणि ते दादावर असे काही चिडले की मामींना मध्ये पडावे लागले. बोर्ड ठणठणीत होता. शेजारच्या फ्लॅश मेमरीत नकाशा ठेवायचा राहिला होता, इतकेच. तो ठेवला म्हणजे वीज आल्यावर चिप तो आपोआप वाचून घेते आणि क्षणात पुन्हा उभी राहते.

आता प्रोसेसर. बारा धाग्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवणे हे एफपीजीएचे आवडते काम. बारा स्वतंत्र मंडले मांडली की कोणालाही कोणासाठी थांबावे लागत नाही. परंतु कोणता धागा किती वेळा तुटला याची नोंद ठेवणे, पडद्यावर आकडे दाखविणे, पाळी बदलली की शून्यावर आणणे, मुख्य पेटीला निरोप धाडणे, ही सर्व पायरीपायरीने करावयाची कामे आहेत. त्यांना हवा आज्ञा एकामागून एक वाचणारा कारकून, म्हणजे प्रोसेसर. तो एफपीजीएत मिळविण्याचे दोन मार्ग आहेत.

मामांच्या गाळ्याचेच उदाहरण घेते. गाळा भाड्याने घेतला तर आत नुसती फरशी मिळते. तुम्हाला चहाची खोली हवी असेल तर फरशीवर प्लायवूडचे पार्टिशन घालून शेगडी मांडता. ती खोली तुमच्या मर्जीप्रमाणे लहान-मोठी होते, दोन हव्यात तर दोन, नको असेल तर पार्टिशन काढून तेथे दुसरे टेबल. पण जितकी खोली तितकी कामाची फरशी कमी. हा मऊ गाभा, सॉफ्ट कोअर. येथे प्रोसेसर हा केवळ मजकूर असतो. व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल अशा भाषेत लिहिलेले त्याचे वर्णन संगणक वाचतो आणि चिपमधल्या मोकळ्या कोष्टकांतून तो प्रोसेसर मांडून देतो. उलट काही गाळ्यांत बिल्डरनेच भिंतीत चिणून, विटासिमेंटचे स्वयंपाकघर बांधून दिलेले असते. ओटा पक्का, नळ पक्के, धूर जायला चिमणी. फरशी अडत नाही, काम झपाट्याने होते. पण ओटा खिडकीकडे सरकवता येत नाही, आणि तुम्ही डबा घरून आणीत असाल तरी त्याचे भाडे भरावे लागतेच. हा कठीण गाभा, हार्ड कोअर. चिप कारखान्यात घडत असतानाच तिच्या एका कोपऱ्यात खऱ्याखुऱ्या ट्रान्झिस्टरांनी प्रोसेसर बांधलेला असतो.

मामांनी मला सांगितले, "अगं, तू कॉमर्सची ना? दोन्हींचे अंदाजपत्रक करून दे. दादाला विचारून माहिती घे, पण त्याच्या मताने लिहू नकोस." मी दोन दिवस खपले. एका बाजूला दादाने सुचविलेली झिंक-७००० या कुळातील चिप, जिच्या पोटात आर्म कंपनीने आखलेले कॉर्टेक्स-ए९ जातीचे कठीण गाभे असतात आणि ते ६६७ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त वेगाने धावतात. दुसऱ्या बाजूला नुसती एफपीजीए, तीत मऊ गाभा, आणि तो आम्ही ५० मेगाहर्ट्झवर चालविणार होतो. दर येथे देत नाही, कारण ते महिन्यागणिक बदलतात. मी काय केले, किमतीला मेगाहर्ट्झने भागले. एका मेगाहर्ट्झला किती रुपये पडतात ते काढले. कठीण गाभा कितीतरी पटींनी स्वस्त निघाला. खाली लाल पेनने दोन रेघा ओढून मी कागद मामांच्या हाती दिला, आणि खरे सांगायचे तर शाबासकीची वाट पाहत उभी राहिले.

मामांनी चष्मा वर सरकवून विचारले, "एका कार्डाचा धागा दिवसात किती वेळा तुटतो?"

मी गिरणीच्या नोंदवहीतून आकडा सांगितला. दिवसाकाठी काही मोजके प्रसंग.

"मग उरलेला वेळ हा सहाशे सदुसष्टवाला काय करणार?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. निष्क्रिय क्षमता, म्हणजे वापरली न जाणारी क्षमता, हा धडा मी परीक्षेत दहा गुणांसाठी पाठ लिहून आले होते. ज्या यंत्राचा दहावा हिस्साच वापरला जातो त्याची किंमत पूर्ण क्षमतेने भागायची नसते, हे मला ठाऊक होते. फक्त ते चिपलाही लागू आहे हे सुचले नव्हते. धाग्यावरची नजर तर कोष्टकांची मंडले ठेवणारच होती, प्रोसेसरच्या वाट्याला केवळ वही लिहिण्याचे काम. भाजक चुकला की भागाकार कितीही शुद्ध असून उपयोग नाही.

मात्र यावरून कठीण गाभा म्हणजे वायफळ खर्च, असा समज कोणी करून घेऊ नये. तसा मीही चार दिवस करून घेतला होता आणि दादाने तो उतरविला. त्याने मला टोरांटो विद्यापीठातील इयान कुऑन आणि जोनाथन रोझ यांच्या २००७ च्या प्रसिद्ध अभ्यासातील आकडे दाखविले. ९० नॅनोमीटरच्या जमान्यात, एकच मंडल एकदा थेट ट्रान्झिस्टरांनी बांधले आणि एकदा एफपीजीएच्या नुसत्या कोष्टकांत मांडले, तर कोष्टकांना सरासरी ३५ पट जागा लागते, वेग ३.४ ते ४.६ पटींनी मंदावतो आणि चालताना सुमारे १४ पट वीज खाल्ली जाते. कारण उघड आहे. रेडी रेकनरचे पान उलटायला वेळ लागतो, आणि एका कोष्टकापासून दुसऱ्यापर्यंत जाताना संदेशाला वाटेत कितीतरी स्विचेस ओलांडावे लागतात. कॅमेऱ्याचे चित्र तपासायचे असेल, लिनक्ससारखी मोठी प्रणाली चालवून जाळ्यावर माहिती धाडायची असेल, तर ते काम मऊ गाभ्यावर लादणे म्हणजे पार्टिशनच्या चहाखोलीत लग्नाचा स्वयंपाक रांधण्यासारखे होय. तेथे कठीण गाभाच शेवटी स्वस्त पडतो.

मऊ गाभ्याची खरी गंमत काटछाटीत आहे. तयार प्रोसेसरमध्ये भागाकाराचे मंडल असते, दशांशाचे असते, मोठी मेमरी असते, आणि ते सर्व तुमचे असो वा नसो, तुम्ही विकत घेता. मऊ गाभ्यातून नको ते वगळता येते. झायलिंक्सच्या केन चॅपमन यांनी आखलेला पिकोब्लेझ नावाचा आठ बिटांचा गाभा तर इतका चिमुकला की स्पार्टन-३ या चिपच्या अवघ्या ९६ स्लाइसमध्ये बसे. स्लाइस म्हणजे दोनचार कोष्टकांचा एक जुडगा. तसेच हवे ते घालताही येते. एखादी बेरीज वारंवार लागत असेल तर तिच्यासाठी स्वतःची नवी आज्ञा प्रोसेसरला शिकविता येते. कठीण गाभ्याच्या बाबतीत हे सुख नाही, तो जसा आला तसा पत्करावा लागतो.

एक फरक मला विशेष मजेदार वाटला. मऊ गाभ्यात आधी चिप भरली जाते, मग त्या भरण्यातून प्रोसेसर जन्माला येतो. झिंकमध्ये याच्या अगदी उलट. तेथे वीज येताच कठीण प्रोसेसर प्रथम जागा होतो आणि मग तो स्वतः कोऱ्या भागात नकाशा भरतो. एकीकडे घर आधी आणि घरमालक नंतर, दुसरीकडे घरमालक येऊन घर बांधतो. म्हणून कठीण गाभा असलेल्या काही चिपांत कोरा भाग अर्धवट बदलून, प्रोसेसर न थांबविता, काम चालू ठेवता येते.

या दोन गाभ्यांचा इतिहास बेलबॉटम पँटसारखा आहे, येतो, जातो, पुन्हा येतो. २००० साली अल्टेरा कंपनीने नायॉस हा मऊ गाभा आणला आणि जवळपास त्याच सुमारास एक्सकॅलिबर या नावाने आर्मचा कठीण गाभा असलेल्या चिपाही आणल्या. प्रतिस्पर्धी झायलिंक्सने मायक्रोब्लेझ हा मऊ गाभा काढला, आणि २००२ मध्ये व्हर्टेक्स-२ प्रो या चिपमध्ये पॉवरपीसी हा कठीण गाभा चिणून दिला. व्हर्टेक्स-४ आणि व्हर्टेक्स-५ च्या काही चिपांत तो राहिला. २००९ च्या व्हर्टेक्स-६ मध्ये मात्र तो गळाला. ज्यांनी आपली उपकरणे त्यावर उभी केली होती त्यांना पुढच्या पिढीत जागाच उरली नाही. मग २०११ मध्ये झिंक जाहीर झाली आणि कठीण गाभा परत आला, पण आता आर्मच्या रूपात. कंपन्याही बदलल्या. अल्टेराचा सौदा इंटेलने २०१५ मध्ये केला, झायलिंक्स २०२२ मध्ये एएमडीची झाली.

मामांसाठी मुद्दा हाच होता. त्यांच्या पाच कार्डांचे मरण प्रोसेसर बंद पडल्यामुळेच ओढवले होते. चिपमध्ये चिणलेला गाभा निर्मात्याबरोबर जातो. मऊ गाभा हा मजकूर असल्याने, आजची चिप उद्या मिळेनाशी झाली तर दुसऱ्या चिपवर तोच मजकूर पुन्हा मांडता येतो, निदान येऊ शकतो. 'येऊ शकतो' म्हणण्याचे कारण असे की मऊ गाभाही मालकीचा असतो. नायॉसची दुसरी आवृत्ती २००४ पासून असंख्य उपकरणांत बसली, परंतु ती अल्टेराच्या चिपांपुरतीच होती, आणि २०२३ मध्ये इंटेलने ती बंद करीत असल्याचे जाहीर केले. मजकूर तुमच्या संगणकावर असला तरी तो दुसरीकडे नेण्याचा हक्क तुमचा नसेल, तर तो मऊ असून काय उपयोग? भाडेकराराच्या बारीक अक्षरांतले कलम वाचावे लागते ते असे.

म्हणून दादाने शोध घेतला तो खुल्या मऊ गाभ्यांचा, आणि येथे आपल्या देशातील दोन कामांची ओळख मला झाली. पहिले चेन्नईचे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. व्ही. कामकोटी यांच्या गटाने 'शक्ती' नावाचे प्रोसेसर आखले आहेत. ज्या आज्ञावलीवर ते चालतात ती रिस्क-फाइव्ह, म्हणजे बर्कले विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेली आणि कोणीही विनामूल्य वापरावी अशी. शक्तीचे वर्णनही कोणालाही घेता येते. साध्या शिकाऊ बोर्डांवर मांडण्यासाठी त्यांनी जी तयार रूपे दिली त्यांना पिनाक, परशु, वज्र अशी नावे आहेत. आम्ही मांडला तो पिनाक. निपाणीच्या मुलीने, सिल्वासाच्या गाळ्यात, मद्रासचा प्रोसेसर अमेरिकन चिपमध्ये घालताना पाहावा, ही गोष्ट माझ्या आजोबांना सांगितली असती तर त्यांनी कीर्तनातला दृष्टान्त समजून मान डोलावली असती.

दुसरे काम मुंबईचे. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अजित' हा ३२ बिटांचा प्रोसेसर तयार केला. त्याची आज्ञावली स्पार्क-व्ही८, म्हणजे मूळ सन मायक्रोसिस्टिम्सच्या घरातली पण खुले प्रमाण झालेली. युरोपीय अवकाश संस्थेने वापरलेला लिऑन हा गाभाही याच घराण्यातला. अजित आधी एफपीजीएवर मऊ रूपात पारखला गेला, आणि नंतर मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या तंत्राने त्याची खरी चिप घडविण्यात आली. २०१९ मध्ये त्याची वार्ता वर्तमानपत्रांत झळकली. काटेकोरपणे बोलायचे तर ही चिप म्हणजे कठीण गाभा नव्हे. कठीण गाभा हा एफपीजीएच्या पोटातला, आणि ही तर स्वतंत्र चिप. पण वर्णन तेच आणि देह दोन, एक कोष्टकांचा, एक ट्रान्झिस्टरांचा. चूक सापडली तर मऊ देहात ती संध्याकाळपर्यंत दुरुस्त होते. घडविलेल्या चिपमध्ये सापडली तर नवी घडविण्याचा खर्च पुन्हा करावा लागतो. प्रोसेसर घडविणारे आधी मऊ आणि मग कठीण या क्रमाने का जातात, हे त्यावरून ध्यानात येईल.

आणि मग प्रत्येकाने आपली चिपच का घडवू नये? येथे पुन्हा आमचा प्रांत, समविच्छेद बिंदू. आकडे काल्पनिक घेते. समजा चिप घडविण्याचा एकरकमी खर्च ५० लाख रुपये आहे आणि नंतर दर नगाला १०० रुपये पडतात. एफपीजीएला एकरकमी खर्च नाही, पण दर नगाला १,६०० रुपये पडतात. दर नगामागे वाचतात १,५००. पन्नास लाखांना पंधराशेने भागा, उत्तर ३,३३३ आणि वर थोडे. म्हणजे ३,३३४ व्या नगापासून स्वतःची चिप परवडू लागते. मामांना हवी होती १८ कार्डे. तेव्हा तो विषय तेथेच संपला. पण वर्षाला लाखो नग विकणाऱ्या कारखानदाराने एफपीजीए वापरीत राहणे हेही तितकेच चुकीचे, हे याच भागाकारातून निघते.

तिसरा एक मार्गही आहे, तो विसरू नये. प्रोसेसर एफपीजीएच्या आत न ठेवता शेजारी ठेवावा. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या सुधारित यंत्रणेत आकाशातून आलेल्या संकेतांचे अंकीकरण आणि वाटणी करण्यासाठी 'रोच' नावाचे बोर्ड वापरले गेले. त्यावर व्हर्टेक्स-५ ही एफपीजीए असते आणि तिच्या बाजूला एक वेगळी पॉवरपीसी चिप, जी लिनक्स चालवून एफपीजीएची देखभाल करते. आकडेमोडीचा पुढचा डोंगर ग्राफिक्स प्रोसेसर उचलतात. रोच म्हणजे झुरळ. शास्त्रज्ञांना विनोदाचे वावडे नसते हे पाहून बरे वाटले. शेजारी ठेवण्यात सोय अशी की दोन्ही चिपा वेगवेगळ्या निवडता येतात. तोटा असा की मधल्या तारा लांबतात, आणि दोन चिपांत जितका निरोपांचा व्यवहार अधिक तितका वेळ वाया जातो.

हा लेख लिहिताना कन्नड विभागातील माझ्या मैत्रिणीला मी तिच्या भाषेत हार्ड आणि सॉफ्टला काय म्हणशील, असे विचारले. ती म्हणाली, गट्टि आणि मेत्तगे. आपल्याकडे गट्टी म्हणजे मैत्री. त्यावर आम्ही बराच वेळ हसलो. पण विचार केला तर कठीण गाभ्याची आणि चिपची खरोखरच गट्टी असते, जन्माची, फू न करता येणारी.

आता आमच्या कार्डाचे काय झाले ते सांगते. पिनाक आणि बारा धाग्यांची मंडले एकत्र मांडल्यावर पहिल्या तीन वेळा संगणकाने वेळेचे गणित जमत नाही असे सांगितले, म्हणजे संदेश एका ठोकळ्यापासून दुसऱ्यापर्यंत घड्याळाच्या एका ठोक्यात पोहोचत नव्हते. दादाने मोजणीची मंडले दोन टप्प्यांत तोडली तेव्हा जमले. कोष्टकांचा बराच हिस्सा प्रोसेसरनेच खाल्ला, हेही नोंदवून ठेवते. अंदाजपत्रकात मी ही जागा फुकट धरली होती, ती माझी दुसरी चूक. मेच्या अखेरीस गिरणीत बंद पडलेल्या पाच कार्डांपैकी एकाच्या जागी आमचा बोर्ड तारांच्या गुंतागुंतीसह टेपने चिकटवून बसविला. मॅनेजर स्वतः उभे होते. मामांनी कात्रीने सातव्या क्रमांकाचा धागा कापला. कटर चालला, दिवा लागला आणि पडद्यावर सातच्या पुढे एकचा आकडा उमटला. मामांनी लगेच दहावा कापला.

निपाणीला परतल्यावर दादाचा फोन आला. मॅनेजरांनी उरलेल्या चार कार्डांची मागणी लेखी दिली आहे, अठराची नाही. ती पावसाळाभर हा एक बोर्ड कसा टिकतो ते पाहून. मामांनी मला सुधारित अंदाजपत्रक पाठवायला सांगितले आहे. या वेळी भाजक त्यांनीच कळविला आहे: तुटलेल्या धाग्यांची संख्या.